चार मुक्कामांचं अंतर

तोफखान्यात एकोणीस वर्षं मी नकाशे वाचले. तोफ कुठं आहे, निशाण कुठं आहे आणि दोन्हींच्या मध्ये किती अंतर आहे, एवढंच माझं काम. अंतर चुकलं तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, हे तिथं पहिल्याच महिन्यात डोक्यात घालतात. एकोणीस वर्षांत माझं अंतर कधी चुकलं नाही. पेन्शनीनंतर बरीच वर्षं बँकेच्या दारात पहाऱ्याची नोकरी केली, मग घरी आलो आणि चुकलं, तेही आईच्या बाबतीत. लोकांना सांगायला लाज वाटते म्हणून लिहून काढतोय.

आमचं गाव वडूजपासून दुचाकीवर वीस मिनिटांवर. कोरडवाहू रान, ज्वारी, मटकी, चार शेळ्या. निवृत्त फौजी माणसाला गावात दोनच कामं असतात, झेंडावंदनाला पुढं उभं राहायचं आणि पाराजवळ बसून सरकारला शिव्या घालायच्या. मला दोन्ही जमेनात. मग फोनवर शोधता शोधता आमच्या भागाचे इंग्रजांच्या काळातले नकाशे सापडले, एका इंचाला एक मैल या मापाचे. मी हरखून गेलो. वडूजला वाढदिवसाचे बॅनर छापणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, हे फ्लेक्सवर मोठं छापून दे. त्यानं उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "फौजी, ह्यात फोटो कुणाचा टाकायचा?" म्हटलं, कुणाचाच नाही. त्याला ते काही पटलं नाही, पण छापून दिलं.

ती शीटं घेऊन मी वर्षभर दुचाकीवर हिंडलो. जुन्या नकाशात तुटक रेघ असते ती पायवाट, निळा ठिपका म्हणजे विहीर, दाट तपकिरी रेघा म्हणजे चढ. ठिपका दिसला की मी तिथं जाऊन उभा राहायचो. दहातल्या सात विहिरी मेलेल्या. कुठं बुजवलेली, कुठं लग्नातल्या पत्रावळ्या आणि थर्माकोल टाकून काठोकाठ भरलेली. एका ठिकाणी नकाशात बारा-पंधरा घरांची वस्ती होती आणि प्रत्यक्षात तिथं बाभळीत एक उखळ पडलेलं होतं. माणसं कुठं गेली विचारलं तर शेजारच्या रानातला बाप्या म्हणाला, "कोन जानं. आमी आल्यापास्नं ही बाभळच हाय." संध्याकाळी घरी येऊन मी नकाशावर लाल पेनानं फुल्या मारायचो. बायको म्हणायची, "आवं, जितं काय बी न्हाई तितंच तुमी कशापाई जाताय?" तिला काय सांगणार. नसलेलं कुठं होतं एवढं तरी कळावं, असं मला वाटायचं.

ऐंशीच्या पुढची माझी आई तेव्हा माझ्याजवळच राहायची. अक्षरशत्रू. दुपारी मी सोप्यात नकाशा पसरला की ती शेजारी सुपात मटकी निवडत बसायची. मी ओढ्यांची नावं मोठ्यानं वाचायचो. इंग्रजांनी नावांची पार वाट लावलेली असायची. आई सुपातनं मान वर न करता दुरुस्त्या करायची. "त्यो ओढा खिंडीतनं न्हाई, खिंडीच्या मागनं येतो." मी रेघा बघायचो, तर खरंच मागनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं माझं झालं. वर्षभर मी ज्या मुलुखात धुरळा खात हिंडलो, तो सगळा या बाईच्या पायांत होता.

कारण आमची माणसं मूळची मेंढपाळ. पावसाळा संपला, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन मायणीवरून खाली विट्याकडं आणि तिथनं पलूसच्या बागायतीकडं, नदीकाठाला जायची. काळ्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाला परत. माझ्या जन्माआधीच वडिलांनी मेंढरं विकली आणि हा कोरडा तुकडा कसायला घेतला. मी त्या वाटा कधी चाललो नाही. अठराव्या वर्षी भरती झालो, मग चाललो तो फौजेच्या चालीनं.

एक दिवस आईनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ह्यात विहिरी हायत म्हनतोस न्हवं?"

"हायत की."

"मंग मला एक विहीर काडून दे."

आणि तिनं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं. वडील वारले तोवर त्यांच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नव्हता. आई तेव्हा एकोणीस वर्षांची, पोरगी दीड वर्षाची. मेंढरांबरोबर खाली जाताना पोरगीला ताप भरला. मायणीच्या तळ्यावरून निघाल्यावर चौथ्या मुक्कामाला ती पहाटे गेली. डोंगराच्या कुशीला एक विहीर होती, डोंगराला वर खिंड, विहिरीच्या उगवतीला तीन चिंचा. चिंचांच्या वरच्या अंगाला, माळावर, वडिलांनी खड्डा काढला, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडे रचले. आणि दिवस कासराभर वर यायच्या आत तळ हलवला, कारण मेंढरांना तिथं चारा नव्हता.

"तिसऱ्या दिशी दूध घालायचं असतंय लेकराला," आई म्हणाली. "ते घातलं न्हाई. उपाशी ऱ्हायली ती."

पुढच्या वर्षापासून वडिलांनी वाट बदलली. पोरगी गेली त्या वाटेनं पुन्हा जायचं नाही, एवढंच म्हणाले. आई ती वाट एकदाच चालली होती. तिला ना गावाचं नाव माहीत, ना रानाच्या मालकाचं. तिच्याकडं फक्त एक विहीर, एक खिंड आणि चार मुक्काम होते. ती म्हणाली, "मी जायच्या आत येकदा तिला दूध घालून येऊ दे. मंग माजं काय बी न्हाई."

आयुष्यात आईनं माझ्याकडं काही मागितलं ते एवढंच. मी तिला म्हणालो, "आये, हे तर माजं रोजचं काम हाय. चार दिसात काडून देतो."

चार दिवस नाही, दोन दिवसांत काढून दिली. मुक्काम चार. मेंढरू दिवसाला चार कोस चालतं हे लहानपणापासून गावात ऐकलेलं. चारचोक सोळा कोस. मायणीचं तळं धरून जुन्या पायवाटेवर दोरा लावला, मापलं, आणि दोरा संपला तिथं, पलूसच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला एक निळा ठिपका. वर तपकिरी रेघांत खिंड. बायकोला हाक मारून दाखवलं. एकटाच हसत बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दिवशी मला माझ्याहून शहाणा माणूस जिल्ह्यात दिसत नव्हता.

दिवाळीनंतर आईला माझ्या जुन्या चारचाकीत घातलं. गावात खाली जाणारी मेंढरं आली होती, त्यांच्याकडून तिनं पाण्याच्या बाटलीत मेंढीचं दूध घेतलं. गाईचं चालणार नाही म्हणाली. नव्या मोठ्या रस्त्यानं विटा मागं टाकलं आणि दीड-दोन तासांत तिथं पोचलो. सगळीकडं ऊस. विहीर होती, पण कठडा नवा, सिमेंटचा, वर मोटर. चिंचा नव्हत्या. आई बराच वेळ डोळ्यांवर हात धरून डोंगराकडं बघत राहिली.

"हीच का रं?"

"हीच."

"चिंचा?"

"तोडल्या असत्याल. साठ वर्सं झाली, आये."

"डोंगूर ह्या हाताला हुता वाटतंय."

मी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला, खिंडीवर बोट ठेवलं आणि तोफखान्यात शिकाऊ पोरांना सांगायचो त्या आवाजात तिला सांगितलं की, माणूस विसरतो, शीट विसरत नाही. तिला वाचता येत नाही हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. ती नकाशाकडं बघत म्हणाली, "तू म्हंतोस तर हीच."

उसाच्या बांधावर, उताराला, ती खाली बसली. हातानं थोडी माती सारखी केली. बाटलीचं झाकण तिला निघेना, मी काढून दिलं. थोडं थोडं करून तिनं सगळं दूध मातीत घातलं आणि बोलायला लागली. मला वाटलं होतं रडेल. ती गप्पा मारत होती. उशीर झाला म्हणाली. तुझा बाप गेला म्हणाली, तुला भेटला असंल. मग मला हाताला धरून खाली बसवलं आणि त्या बांधाला सांगितलं, "ह्यो बग तुजा भाऊ. ह्यानंच गाठ घालून दिली." मी फौजेत काय काय बघितलंय, पण तेवढा रडलो नव्हतो.

त्यानंतरचं वर्ष आई सुखात होती. खरंच सुखात. दोन भाकरी खायची. शेजारणींना सांगायची, माझ्या ल्योकानं कागदातनं पोरगी शोधून काढली. छातीच्या दुखण्यासाठी महिन्यातून एकदा तिला सांगलीला दाखवायला न्यायचो, तिथल्या नर्सबाईलाही तिनं ते सांगितलं. येत्या दिवाळीनंतर परत जायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं होतं.

ती दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना आमच्या शेजारच्या रानात एक म्हातारा मेंढपाळ उतरला. मी चहा घेऊन गेलो आणि, सवयच लागलेली, नकाशाची गोष्ट सांगितली. सोळा कोस, दोरा, ठिपका, सगळं. म्हातारा चहा फुंकत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"कोकरं किती हुती?"

मी म्हणालो, काय माहीत.

"दिवाळीच्या मागनं निगाली म्हंता. तवा मेंढ्या नुकत्या याल्याल्या असत्यात. चार-आट दिसांचं कोकरू चालतंय व्हय? बाया कडंवर घेत्यात, घोड्यावर जाळीत घालत्यात, आन् मेंढी सारकी मागं फिरून वरडत बसती. कोकरांचं चालनं दिसाला दीड कोस, लय झालं तर. चार कोस ही मोकळ्या मेंढराची चाल." त्यानं कप खाली ठेवला. "आमच्यात प्वार बी ह्ये चुकायचं न्हाई, फौजी."

चार गुणिले दीड, सहा कोस. मी सोळा धरले होते. बापजाद्यांनी हजार वर्षं मेंढरं राखली आणि मी, त्यांच्याच पोटचा, फौजेच्या कवायतीनं कोकरं चालवत होतो.

घरी येऊन मी आईला आडून विचारलं, "आये, त्या साली कोकरं लय हुती का गं?"

"लय. घोडीवर दोनी अंगाला जाळ्या भरल्याल्या. माज्या कडंवर दोन. पोरगीला घ्याया हात न्हवता. ताप हुता म्हून तिला जाळीतच कोकरांच्या उबंला घातली हुती." मग म्हणाली, "कडंवर मी कोकरं घिऊन चालले. पोरगी न्हाई घेतली."

मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी सहा कोसांवर दोरा लावला. विट्याच्या अलीकडं, माळावर, निळा ठिपका. वर खिंड. डोंगर आई म्हणाली होती त्या हाताला. दुचाकी काढली आणि गेलो. विहीर कोरडी, दगडी बांधणीची, एक बाजू ढासळलेली. उगवतीला दोन चिंचा उभ्या आणि तिसरीचा बुंधा. आता चुकायला काही जागाच नव्हती. मी चिंचांच्या वरच्या अंगाला चढलो, आणि पुढं जमीनच नव्हती. मशीननं उभा कापलेला कडा, खाली तीन-चार पुरुष खोल खाण, तळाला हिरवं पाणी साचलेलं. खिंडीखालचा निम्मा उतार काढून नेलेला. पलीकडच्या रानात एक शेतकरी औषध मारत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मुरूम हुता लय चांगला. नव्या रस्त्याला गेला सगळा. दोन वर्सं डंपर पळत हुतं." कुठल्या टप्प्याला, विचारलं. "ह्यो काय, पुलापास्नं विट्यापतोर. खाली सगळा हितलाच मुरूम हाय."

त्याच रस्त्यानं मी आईला दूध घालायला नेलं होतं. दर महिन्याला त्याच रस्त्यानं सांगलीला नेत होतो.

बायको म्हणाली, "आवं, गप ऱ्हावा. त्यास्नी ठावं न्हाई तवर त्या सुकात हायत. न्या परत त्याच उसात, घालू द्या दूध. काय बिगडतंय?" तिचं बरोबर होतं. आज मला कळतं की तिचंच बरोबर होतं. पण माझ्या अंगात तो तोफखाना. अंतर चुकलं की ताबडतोब कळवायचं, लपवायचं नाही, हे हाडात मुरलेलं. आणि खरं सांगू का, त्यात थोडी घमेंडही होती. चुकीची जागा माझ्या हातानं परत दाखवायची हे मला सोसवत नव्हतं. आईला काय सोसवेल याचा विचार मी नंतर केला.

तिला सांगितलं तेव्हा ती चुलीजवळ बसली होती. मी सगळं सांगितलं, कोकरांची चाल, सहा कोस, दोन चिंचा आणि एक बुंधा. चिंचा ऐकल्यावर तिनं मान हलवली. मग म्हणाली,

"मंग मी दूध कुनाला पाजलं रं?"

तिनं पुढं विचारलं, "आता जायाचं का खऱ्या जागंला?" मी म्हणालो, तिथं काही राहिलं नाही, माती काढून नेली. कुठं नेली? रस्त्याला. कुठल्या? तेव्हा तरी मी गप बसायचं. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. सांगितलं.

त्या दिवाळीनंतर ती कुठं जायचं म्हणाली नाही. मेंढरं आली, गेली. तिनं दूध मागितलं नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं.

महिन्यानं सांगलीला निघालो. आई नेहमीसारखी माझ्या शेजारी पुढच्या सीटवर. पूल आला तशी ती वाकली, पायांतल्या चपला काढून मांडीवर घेतल्या आणि दोन्ही पाय मोठ्या कष्टानं सीटवर ओढून घेतले. ऐंशीच्या पुढची बाई, गुडघे वाकत नाहीत. मला वाटलं पायात गोळा आला. म्हटलं, "आये, काय हुतंय?"

ती म्हणाली, "कुटं हाय ती काय ठावं. पाय नगं लागाया."

मी म्हणालो, अगं, गाडीला तळ आहे, रस्ता खाली आहे, वर डांबर आहे. ती विटा येईपर्यंत पाय वरच धरून बसली. गुडघे थरथरत होते. कुठल्या हातभर जागेवर पाय उचलायचा हे मी तिला सांगू शकलो असतो तर तेवढ्यापुरताच उचलला असता. ते अंतर मला काढता येत नव्हतं, म्हणून ती सबंध रस्ता पाय उचलून धरायची. जाताना आणि येताना. सहा महिने, दर खेपेला.

शेवटच्या खेपेला आईला ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. तिला शुद्ध नव्हती, तोंडावर ऑक्सिजन. ती आडवी होती, पाय स्ट्रेचरवर. मी शेजारच्या बाकड्यावर तिचा हात धरून बसलो होतो. काचेतून पूल दिसला. मी वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मांडीवर घेतले आणि दोन्ही पाय बाकड्यावर ओढून घेतले.

ऑक्सिजन बघणारा माणूस म्हणाला, "काका, पाय खाली सोडून नीट बसा, गाडी उडती हितं."

मी विटा येईपर्यंत पाय खाली सोडले नाहीत.